पाच ट्रॉल्यांची सरासरी

चांदवडला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी नाव घातलं तेव्हा माझी मुलगी बारावीत होती. माझी स्वतःची बारावी लग्नाआधीची. मधली सगळी वर्षं कांद्याचं रोप टाकणं, लागवड, काढणी, चाळ भरणं आणि घरातल्यांचं करणं यात गेली. अकाउंट्स, अर्थशास्त्र, मराठी हे विषय निभतील असं वाटत होतं. वेळापत्रकात आणखी एक विषय होता, व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्र. गणित जड जाणार हे ठाऊक होतं. पण संख्याशास्त्र कशाशी खातात हे कुणी विचारलं असतं तर मला एक वाक्यही सांगता आलं नसतं. बाकावरची मुलगी म्हणाली, "काकू, सूत्रं पाठ करा, बाकी काही नाही त्यात." मी वहीच्या पहिल्या पानावर सूत्रं उतरवून घेतली. प्रत्येक सूत्रात एक कोनाकोनाचं ग्रीक अक्षर होतं, सिग्मा. त्या अक्षराकडे मी बराच वेळ नुसती बघत राहायचे. ‘पुढे जे लिहिलंय त्या सगळ्याची बेरीज करा’ एवढंच ते सांगतं, हे कळल्यावर छातीवरचं ओझं जरा उतरलं.

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर कांद्याचे बाजारभाव लिहिले: किमान, कमाल, सर्वसाधारण. हे तीन शब्द आमच्या घरात रोज कानावर पडतात. लिलाव उरकले की चांदवड, लासलगाव, पिंपळगाव, मनमाड इथले भाव मोबाईलवर येतात आणि घरात जो तो आधी कमाल भाव वाचतो. सरांनी विचारलं, "सर्वसाधारण म्हणजे कोणता भाव?" मी लगेच म्हणाले, "किमान आणि कमाल मिळवायचे आणि निम्मे करायचे." वर्गातल्या बहुतेकांनी माना हलवल्या, त्यांनाही तसंच वाटत होतं. सर म्हणाले, "नाही ताई. जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला, तो सर्वसाधारण. पुस्तकात त्याला बहुलक म्हणतात." इतकी वर्षं आम्ही कांदा विकतोय, पण भावाच्या यादीतल्या ज्या आकड्यानं आमचं घर चालतं, तो कसा निघतो हे मला त्या तासाला पहिल्यांदा समजलं.

मग सरांनी पाच ट्रॉल्या मांडल्या. समजा, भाव निघाले क्विंटलला ९००, १०००, १०००, ११०० आणि ३०००. बेरीज ७०००, भागिले पाच, सरासरी १४००. सर म्हणाले, "आता या पाच जणांपैकी १४०० रुपये कुणाला मिळाले ते दाखवा." कुणालाच मिळाले नव्हते. चौघांना बरेच कमी मिळाले होते आणि एकाला दुपटीहून जास्त. तेच भाव चढत्या क्रमानं ओळीत लावले तर मधोमध १००० येतात, तो मध्यक. सर्वात जास्त वेळा आलेला भावही १०००, तो बहुलक. सरांनी ३००० पुसून तिथे १०००० लिहिले. सरासरी एकदम २८०० झाली, मध्यक मात्र जागचा हलला नाही. हे मी घरी जाऊन पुन्हा केलं, वेगळे आकडे घेऊन केलं, आणि दर वेळी तसंच झालं. एक मोठा आकडा सरासरीला आपल्याकडे ओढून नेतो. ‘कांदा तीन हजारांवर’ असा मथळा वाचला की नाशिकचे नातेवाईक फोन करून म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची." त्यांना काय उत्तर द्यावं हे मला आधी सुचायचं नाही. आता मी विचारते, तो कमाल भाव होता की सर्वसाधारण?

त्यापुढचा धडा प्रमाण विचलन. इथे मी खरंच अडकले. सूत्र असं: प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, जे उरेल त्याचा वर्ग करा, वर्गांची सरासरी काढा आणि तिचं वर्गमूळ घ्या. पण वर्ग करायचा आणि पुन्हा वर्गमूळ घ्यायचं, हा उलटसुलट खटाटोप कशासाठी? विचारायला धीर होत नव्हता, कारण सगळ्या मुली खाली मान घालून भराभर उतरवून घेत होत्या. शेवटी तास संपल्यावर मी सरांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी मला वर्ग न करता नुसते फरक मिळवायला सांगितले. सरासरीपेक्षा कमी असलेल्यांचे फरक उणे, जास्त असलेल्यांचे अधिक, आणि बेरीज शून्य. आणखी एक यादी दिली, पुन्हा शून्य. कोणतेही आकडे घेतले तरी शून्यच येणार, कारण सरासरीची जागाच तशी असते. वर्ग केला की उणे चिन्ह जातं आणि फरक एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. नंतर वर्गमूळ घेतलं की उत्तर परत रुपयांत येतं. हे कळल्यावर सूत्र पाठ करायची गरजच राहिली नाही.

पण प्रमाण विचलनाचा खरा अर्थ घरच्या हिशोबात कळला. तीन वर्षं भाव १४५०, १५००, १५५० मिळाला तर सरासरी १५००. दुसऱ्या एखाद्याला ५००, १५००, २५०० मिळाला, त्याचीही सरासरी १५००. पहिल्याचं प्रमाण विचलन सुमारे ४१ रुपये, दुसऱ्याचं सुमारे ८१६. पहिला माणूस सोसायटीचं कर्ज वेळेवर फेडतो, मुलीच्या फीचे पैसे आधीच बाजूला काढतो. दुसरा पाचशेच्या वर्षी दागिने गहाण टाकतो आणि अडीच हजारांच्या वर्षी ते सोडवतो. कागदावर दोघांचं उत्पन्न सारखंच. मी यजमानांना दोन्ही याद्या दाखवल्या. ते म्हणाले, "आपण दुसरे." आकडे बघून त्यांनी एवढंच सांगितलं, पण ते बरोबर होतं.

आलेख, निर्देशांक, वारंवारता सारणी हे भाग तसे सरळ गेले, त्यावर जास्त लिहीत नाही. आयतालेखात पट्ट्यांच्या मध्ये जागा सोडायची नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं. सहसंबंधाच्या धड्यात मात्र एक उदाहरण मनात राहिलं. आमच्या तालुक्याच्या दुष्काळी भागात उन्हाळ्यात टँकर वाढतात. त्याच महिन्यांत रसवंतीवर गर्दीही वाढते. दोन्ही आकडे मांडले तर सहसंबंध चांगला घट्ट निघेल. म्हणून टँकरमुळे लोक रस पितात असं कुणी म्हणणार नाही, दोन्हींच्या मागे ऊन आहे. हे ऐकायला सोपं वाटतं. पण गावात ‘अमुक औषध मारलं आणि पीक चांगलं आलं’ असं कुणी सांगितलं की आम्ही लगेच दुकान गाठतो. त्या वर्षी पाऊसही चांगला होता का, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

मग नमुना निवड आली, आणि हा विषय माझ्या रोजच्या जगण्यातला आहे असं मला पहिल्यांदा वाटलं. समष्टी, म्हणजे ज्याबद्दल बोलायचं ते सगळंच्या सगळं, मोजता येत नाही, म्हणून तिचा एक भाग घ्यायचा, तो मोजायचा आणि त्यावरून सगळ्याबद्दल बोलायचं. लिलावात व्यापारी हेच करतात. ट्रॉलीपुढे उभे राहतात, वरचे चार कांदे हातात घेतात, आकार, रंग, पत्ती बघतात आणि बोली सुरू होते. खळ्यावर माल खाली झाल्यावर आत गोल्टी (बारीक कांदा) किंवा खाद (खराब माल) जास्त निघाली तर वांधा पडतो आणि भाव पाडून मागतात. वरचे कांदे हा सगळ्या ट्रॉलीचा नमुना नाही, तो फक्त वरच्या थराचा नमुना आहे. सरांचं म्हणणं असं की ट्रॉलीतल्या प्रत्येक कांद्याला हातात येण्याची सारखी संधी असली पाहिजे, तेव्हा त्याला यादृच्छिक नमुना म्हणता येईल. हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं. पुढे जे काही कळलं ते याच वाक्याच्या आधारानं कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी सासूबाईंना धडा वाचून दाखवत होते. त्यांना ऐकायला आवडतं. त्या शेतकरी संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये संघटनेचे नेते शरद जोशी यांनी चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, तेव्हा त्या इथेच होत्या आणि भाकरी बांधून आलेल्या बायकांच्या राहण्याची सोय बघत होत्या. किती बायका आल्या होत्या, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, नजर जाईल तिकडे बायकाच. मोजणार कोण?" दुसऱ्या दिवशी मी हा प्रश्न सरांना विचारला. ते म्हणाले, मैदानाचा नकाशा काढायचा, त्याचे सारखे तुकडे पाडायचे, काही तुकड्यांतली माणसं मोजायची आणि गुणाकार करायचा. पण व्यासपीठापाशी दाटी असते आणि कडेला विरळ गर्दी. म्हणून दाट भागाचे तुकडे वेगळे निवडायचे, विरळ भागाचे वेगळे. नुसते पुढचे तुकडे मोजले तर आकडा फुगणार. दाट आणि विरळ भागांतून असे वेगवेगळे तुकडे निवडण्याला स्तरित नमुना म्हणतात. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पिकाची आणेवारी काढतात तसं?" मला उत्तर देता आलं नाही. आणेवारी कशी काढतात हेच मला माहीत नव्हतं.

ते शोधायला मी ग्रंथालयात बसले आणि मग कृषी सहायकांना गाठलं. पीक किती आलं हे ठरवायला पीक कापणी प्रयोग करतात. गावं आणि शेतं यादृच्छिक पद्धतीनं निवडतात. निवडलेल्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. आधीच काढलेल्या दोन यादृच्छिक आकड्यांप्रमाणे एका बाजूनं इतकी पावलं, दुसऱ्या बाजूनं इतकी पावलं चालायचं आणि जिथे थांबाल तिथे खुंटी ठोकायची. त्या खुंटीपासून ठरावीक मापाचा आयत आखायचा, आतलं पीक कापायचं, मळायचं आणि तोलायचं. पीक कुठे दाट आहे, कुठे पिवळं पडलंय हे बघून तुकडा निवडायचा नाही. शेतकऱ्यानं बोट दाखवलं म्हणून नाही आणि तलाठ्याला सोयीचं पडतं म्हणूनही नाही. यामागचं कारण मला समजावून सांगावं लागलं नाही, ट्रॉलीतल्या वरच्या कांद्यांनी ते आधीच शिकवलं होतं.

ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, हे मला ग्रंथालयात कळलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव सातारा जिल्ह्यातलं बुध. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेतली, १९४० मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेत आले आणि पिकांच्या नमुना पाहण्यांवर काम केलं. त्याच काळात कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस होते. त्यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती आणि ते बंगालमध्ये तागाच्या आणि भाताच्या पाहण्या करत होते. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, २००७ पासून देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. महालनोबिसांचा कल लहान वर्तुळाकार तुकड्यांकडे होता, सुखात्म्यांचा मोठ्या तुकड्यांकडे. मला आधी वाटलं, तुकडा केवढा यावरून एवढा वाद कशाला? मग कळलं. तुकडा लहान असला की त्याच्या मानानं त्याची कड मोठी असते. बरोबर कडेवर उभं असलेलं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. अशी थोडी थोडी ताटं आत आली की उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. देशभर हेच झालं तर नसलेलं धान्य कागदावर तयार होतं. सुखात्मे पुढे १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि जगातली भूक मोजण्याचं काम केलं. बांधाजवळच्या एका ताटाचा विचार करणारा माणूस तिथवर गेला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता विम्याबद्दल, कारण त्याचा हिशोबही याच कापणी प्रयोगांवर चालतो. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली. आम्ही अर्ज भरतो, पैसे कधी येतात, कधी येत नाहीत, आणि का ते कुणाला नीट सांगता येत नाही. वहीतल्या ज्ञानावर मी तो हिशोब करून बघायचं ठरवलं. गेल्या सात वर्षांतलं आपल्या महसूल मंडळाचं, म्हणजे गावांच्या गटाचं, उत्पादन घ्यायचं, त्यातली सर्वात चांगली पाच वर्षं ठेवायची, त्यांची सरासरी काढायची आणि ठरवून दिलेल्या टक्केवारीनं, म्हणजे जोखीमस्तरानं, गुणायचं. जे येतं त्याला उंबरठा उत्पादन म्हणतात. समजा, मक्याचं हेक्टरी उत्पादन सात वर्षांत ३०, १२, २८, २६, ८, २४, २२ क्विंटल आलं. सातही वर्षांची सरासरी साधारण २१.४ आहे. सर्वात वाईट दोन वर्षं वगळली तर २६. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा १८.२ क्विंटल. यंदा कापणी प्रयोगांत मंडळाची सरासरी १४ निघाली, तर तूट ४.२, म्हणजे उंबरठ्याच्या सुमारे २३ टक्के, आणि विमा रकमेच्या तेवढेच टक्के भरपाई. दुष्काळाची दोन वर्षं गाळतात हे शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे, हे मला या हिशोबानंतर दिसलं. गावात हे सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदाच ऐकलं.

पण यात पुन्हा तीच पाच ट्रॉल्यांची सरासरी आहे. हिशोब माझ्या शेताचा होत नाही, महसूल मंडळाचा होतो. मंडळात एखाद्या बाजूला पाऊस झाला आणि दुसऱ्या बाजूला ढग नुसते वरून गेले, तर सरासरी उंबरठ्याच्या वर राहू शकते. मग ज्याचं शेत करपलं त्याला या हिशोबातून काहीच मिळत नाही. चांदवड तालुक्यात हे सहज घडतं, एका शिवारात पाणी आणि शेजारच्या शिवारात फुफाटा. ही कुणा एकाची लबाडी नाही. विम्याच्या मोजमापाचं एकक केवढं धरायचं याचा हा परिणाम आहे, आणि म्हणूनच त्यावर बोलायला हवं.

आणखी एक प्रश्न मला सतावत होता. मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग करायचे असा नियम आहे. एवढी गावं, एवढी शेतं, आणि दहा तुकड्यांवर सगळ्यांचं भवितव्य? मला हे अन्यायाचं वाटत होतं. सरांनी मला प्रमाण त्रुटीचं, म्हणजे नमुन्याची सरासरी साधारण किती चुकू शकते याचं, सूत्र दाखवलं: प्रमाण विचलन भागिले नमुन्याच्या संख्येचं वर्गमूळ. त्यात मंडळात एकूण शेतं किती आहेत हे कुठेच येत नाही. शेतं पाच हजार असोत की पन्नास हजार, फरक जवळजवळ पडत नाही. फरक दोन गोष्टींनी पडतो, शेताशेतांत उत्पादन किती विखुरलेलं आहे आणि तुकडे किती घेतले. आणि खाली वर्गमूळ असल्यामुळे चूक निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात, दहाचे चाळीस. हे मी कितीतरी वेळा पडताळून पाहिलं. म्हणजे माझी तक्रार चुकीची नव्हती, पण तिचं कारण वेगळं होतं. जिथे पाऊस सगळीकडे सारखा पडतो तिथे दहा पुरतील. आमच्यासारख्या विखुरलेल्या पावसाच्या मुलखात दहाचा भरवसा कमी.

लहान नमुन्यांचा हा प्रश्न जुना आहे. विल्यम गॉसेट नावाचा माणूस डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत नोकरीला होता. त्याचं काम बार्ली आणि हॉप्सच्या पिकांशी जोडलेलं होतं आणि हाताशी नमुने थोडेच असायचे. कंपनी कामगारांना स्वतःच्या नावानं संशोधन छापू देत नव्हती, म्हणून १९०८ मध्ये त्यानं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं लेख लिहिला. थोड्या नमुन्यांवरून बोलताना खात्री किती कमी धरायची, हे त्यात सांगितलं आहे. त्याचं टी वितरण आजही पुस्तकांत शिकवतात. आमच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ते नाही, सरांनी फक्त ओळख करून दिली. मला त्याचं कोष्टक वाचता येतं, सूत्र अजून समजत नाही. दुसऱ्या वर्षी समजून घेणार आहे.

परीक्षेत मी पास झाले. गुण फार नव्हते, गणिताच्या भागानं मागे ओढलं. पण आता बाजारभावाची यादी, विम्याचा कागद किंवा आणेवारीची बातमी हातात आली की मी तीन प्रश्न विचारते: नमुना कुठून घेतला, किती घेतला आणि आकडे किती विखुरलेले होते. हे प्रश्न विचारायला बी.कॉम. लागत नाही.

खरिपाची सोंगणी सुरू झाली की तुमच्या शिवारातही कापणी प्रयोग लागतील. कोणत्या गटात लागलेत ते कृषी सहायकांना किंवा तलाठ्यांना विचारा आणि त्या दिवशी बांधावर जा, बायकांनीही जा. नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजली का, कडेवरची ताटं कुठे धरली, हे बघा. आणि काट्यावर जे वजन येईल ते तिथल्या तिथे आपल्याही वहीत लिहून घ्या.